कस्तुराबाईंची खाट फिरली

मळवलीच्या कस्तुराबाईंना खुर्ची कधी मानवलीच नाही. तीस वर्षं पुणेकरांचा बंगला राखला, पण तिथल्या सोफ्यावर कधी टेकल्या नाहीत. गुडघा बदलला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, जमिनीवर बसायचं नाही. बाईंनी मान डोलावली. अन् तिसऱ्या महिन्यात विहारात बाया वंदनेला गुडघे टेकून वाकल्या, तशा ह्याही वाकल्या. खुर्ची ठेवली होती की! पण बुद्धांसमोर उंचावर बसायचं? छे. उठताना गुडघ्यात कट् झालं. वाटीखालची कंडरा, म्हणजे पाय ताठ उचलणारी दोरीच तुटली.

पुन्हा ऑपरेशन झालं. मांडीमागची दुसरी कंडरा घेऊन तुटलेली शिवली. सहा आठवडे पाय पट्ट्यात ताठ. मग डॉक्टर म्हणाले, "आता रोज पडल्यापडल्या पाय सरळ वर उचलायचा. पुढच्या शुक्रवारी मला दाखवा. नाहीच उचलला, तर शिवण धरली नाही म्हणायची. मग जन्माची काठी."

बुधवार गेला, गुरुवार उजाडला, टाच काही हलेना. बाईंचे यजमान भिकाजी जेवणखाण विसरले. सून तेजल रडकुंडीला आली.

"आई, दुखतंय का?"

"न्हाई गं."

"मग जोर लावा की."

बाईंनी समोरच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं बुद्ध आणि बाबासाहेब, दोघांच्या तसबिरी.

"त्येंच्या फुडं लाथ उगारू व्हय?"

घ्या! म्हणजे आठवडाभर बाईंनी जोर लावलाच नव्हता. तेजल हसतही होती, रडतही होती. तिनं आणि भिकाजींनी मिळून बाईंसकट खाट फिरवली. पाय आता दाराकडं झाले, आणि दारात जाऊन उभे राहिले भिकाजी.

"अवं, बाजूला व्हा."

"न्हाई. उचल तू."

बाईंनी दातओठ खाल्ले. मांडी थरथरली. टाच चादरीवरून सुटली, बोटभर, मग वीतभर, आणि तिथंच टिकली. बेचाळीस वर्षांच्या संसारात भिकाजी बायकोदेखत रडले नव्हते. आज त्यांनी टोपी काढली आणि टोपीनंच डोळे पुसले.

शुक्रवारी डॉक्टरांनाही पाय उचलून दाखवला. विहारात बाई आता खुर्चीवर बसतात, कुरकुरत का होईना. व्यायाम मात्र रोज चालतो. भिकाजी मुद्दाम दारातच बसून मोजतात. दहा झाले की बाई म्हणतात, झालं.

"आनखी एक," भिकाजी म्हणतात, "माज्यासाठी."