बाबलीचं ठेसन

आनंदीबाईने आपल्या नवऱ्याला पहिल्यांदा नीट पाहिलं ते लग्नात नव्हे, त्यानंतर वर्षभराने, वैभववाडीजवळच्या माळावर. लग्नात तो मुंडावळ्यांआड होता आणि पुढे सगळा वेळ शेतात. रेल्वेची मोजणी करणारी माणसं माळावर एक दगड पुरून, त्याला चुना फासून नुकतीच गेली होती. त्यांच्यातला एकजण बोलून गेला होता, इथे स्टेशन होणार. तिचा नवरा बाबली त्या दगडाशी उकिडवा बसून त्यावरचे शेणाचे शिंतोडे धूत होता, तान्ह्या पोराचं तोंड धुवावं तसा. या माणसाला एखादी गोष्ट पटली की पटली, हे तिला तिथे उभ्या उभ्याच कळलं.

बाबली लहानपणी घाट चढून कोल्हापूरला गेला होता. तिथल्या स्टेशनाबाहेर चहावाल्याभोवती जमलेली माणसं त्याच्या डोळ्यांत बसली होती. त्याने दगडाशेजारी खोप बांधली, चूल मांडली आणि गावच्या देवळात जाऊन नारळ ठेवला. धोंडू गुरवाने गाऱ्हाणं घातलं. पहिल्या आगगाडीचा पहिला उतारू इथे चहा पिईपर्यंत बाबली ही चूल हलवणार नाही, असं देवाला सांगून झालं. सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणाले. आनंदीबाईही म्हणाली.

सुरुवातीला बरं चाललं. घाटाकडे जाणारे गाडीवान बैल सोडून चहा घेत आणि चेष्टाही करत.

"बाबल्या, गाडी खंय पावली रे?"

"तुजे बैल पावतले तेच्या आधी येतली. बस गप!"

मग खालच्या तीन वाटांच्या तिठ्यावरून एस.टी.चा रस्ता झाला. गाडीवान तिकडे वळले, माळ ओस पडला. रेल्वेची मोजणी करणारं कोणी परत आलं नाही. खोपीत दूध नासू लागलं आणि घरात तोवर झालेल्या दोन मुलांच्या पानात नुसती पेज येऊ लागली. अशात तिठ्यावर भाताची गिरण असलेल्या युसूफभाईंनी निरोप धाडला, "माजी पडवी मोकळी आसा. दिवाळीपर्यंत चूल मांडा, नायतर दुसऱ्याक देतंय."

बाबली जागचा हलेना. "देवाक सांगलंय गो," एवढंच म्हणे. त्याला लोकांची भीती नव्हती. देवाला दिलेला शब्द मोडला आणि पोरांना काही झालं तर, ही भीती होती. आनंदीबाईला ती समजत होती. पोरं तिचीही होती.

म्हणून तीच त्याला देवळात कौल लावायला घेऊन गेली. धोंडू गुरवाने देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला भिजवलेले तांदूळ लावले आणि विचारलं, "बा देवा म्हाराजा, बाबलीक शब्दातून मोकळो करतस काय?" बराच वेळ काहीच झालं नाही. मग डावीकडचा दाणा पडला. म्हणजे नाही.

बाबलीने हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावर ठरवण्यातून सुटल्याची कळा होती, आणि तेवढ्यापुरता तिला त्याचा खरोखर राग आला. ती पायरीपर्यंत गेली, आणि वळली.

"धोंडूदादा, परत तांदूळ लाव."

"तोच कौल दोनदा मागूचो नसता गो."

"तो नको. तेंची चूल हलवूची नाय, बरां. शब्द तेंनी दिलो, मिया नाय. माज्या चुलीक देवाची हरकत आसा काय, तां इचार."

बायकोने वेगळी चूल मागितल्याचं गाऱ्हाणं धोंडू गुरवाच्या बापानेही कधी घातलं नसेल. पण त्याने तांदूळ लावले. गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत उजवा दाणा पडला.

परत येताना बाबली म्हणाला, "म्हणजे माका सोडून जातलंस?"

"सोडून खंय जातंय? रातचा जेवाक घराकच येवचा आसा ना तुमका?"

दिवाळीच्या आधी युसूफभाईंच्या पडवीत चूल पेटली. एस.टी.चे ड्रायव्हर, गिरणीला आलेल्या बायका, सगळे तिथे थांबू लागले. मुलांच्या पानात पेजेबरोबर बांगडा दिसू लागला. लोक आनंदीबाईच्या दुकानाला मात्र कधी तिच्या नावाने ओळखत नाहीत. 'ठेसनवालीकडे' म्हणतात.

रेल्वे अजून आलेली नाही. बाबली रोज सकाळी माळावर जातो, पावसाने चुना गेला असला तर दगडाला पुन्हा फासतो आणि एक किटली चहा करतो. दुपारी तो तिठ्यावर उतरतो आणि दिवे लागेपर्यंत आनंदीबाईच्या दुकानात कपबश्या विसळतो.