धुतलेल्या टिपा

कुंदाबाईंच्या हातची भांडी अख्ख्या पिंप्राळ्यात ओळखू येत. ताटात तोंड दिसावं, अशी त्या घासत. जळगावातल्या एका लॅबमध्ये त्या झाडलोटीच्या कामाला लागल्या, तेव्हा हा गुण सोबत गेलाच.

पुढे लॅबमध्ये रक्तातून वेगळ्या काढलेल्या पाण्याचे, सीरमचे थेंब मोजून सोडणारं मशीन आलं. दर नमुन्याला ते तोंडाला प्लास्टिकची नवी टिप, म्हणजे थेंब ओढणारी टोकदार नळी, लावी आणि काम झालं की डब्यात टाकून देई. एकदाच वापरलेल्या त्या नितळ टिपा लाल पिशवीत भरताना कुंदाबाईंचा जीव तुटे. एकदा नवा माल यायला उशीर झाला. तेव्हा त्यांनी टाकाऊ टिपा ब्लीचमध्ये बुडवल्या, उकळल्या, गच्चीवर वाळवल्या आणि टिपांच्या खोक्यातल्या रिकाम्या खाचांत ओळीनं उभ्या केल्या.

"अक्का, तुम्ही तर कारखानाच काढला," तंत्रज्ञ जितेंद्र हसून म्हणाला, आणि त्या त्यानं मशीनला लावल्या. मग तसंच चालू राहिलं.

लेक ऋतिका पहिल्या खेपेची गरोदर होती. तपासण्या करायला ती सावद्याहून माहेरी आली. "आपल्या लॅबमध्येच कर," असं कुंदाबाईच म्हणाल्या. अहवालात रक्तातून पसरणारी कावीळ निघाली. सासरी कळलं, आणि तिला न्यायला कुणी आलं नाही. कुंदाबाईंनीही तिचं ताट वेगळं काढून खिडकीत ठेवलं.

काही आठवड्यांनी धुळ्याला ऋतिकाचं रक्त पुन्हा तपासलं. दोनदा. कावीळ नव्हतीच.

"असं कसं रे?" त्यांनी जितेंद्रला विचारलं.

त्यानं धुळ्याचे कागद चाळले. "तिच्या वेळची टिप आधी कुणा कावीळवाल्याची असेल. धुतली तरी आत अंश राहतो. मशीनचा थेंब चुकत नाही अक्का, पण तोंडाला काय लावलंय ते त्याला कळत नाही." मग दार लोटून घेत म्हणाला, "बाहेर बोलू नका. दोघंही घरी बसू."

दुसऱ्या दिवशी कुंदाबाईंनी सावद्याची एसटी धरली. विहीण पुष्पाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. धुळ्याचे कागद पुढ्यात ठेवून कुंदाबाईंनी सगळं सांगितलं. टिपा कुणी धुतल्या, तेही.

"तुम्ही धुतल्या?"

"हो."

"उकळल्याबी?"

"उकळल्या."

"मग त्यात काय राहीन व?" पुष्पाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "सोयरिकीच्या वक्ती तुमची भांडी पाह्यली मी. तुमच्या हातचं धुतल्यावर डाग राहत नाही. लेकीपायी माय काहीबी बोलते, विहीणबाई. तुमचं चुकलं नाही."

परवापर्यंत कुंदाबाईही हेच म्हणाल्या असत्या.

घरी येऊन त्यांनी ऋतिकालाही सगळं सांगितलं. जेवणं झाल्यावर कुंदाबाईंनी सगळी ताटं एकत्र उचलली. ऋतिकानं त्यातलं आपलं ओढून घेतलं.

"माझं राहू दे," ती म्हणाली. "तू नको धुऊ."