रानकांदा आणि दोन मिनिटांचा निरोप

मी राहात्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रक्त काढायचं, काचपट्टी तयार करायची, ती सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, आकडे लिहायचे, हे माझं रोजचं काम. झाडाझुडपांचा नाद मला स्कूटरमुळे लागला. लॅबला जाताना पाटाच्या कडेला एक बारीक निळं फूल दिसायचं आणि त्याचं नाव कुणालाच सांगता येईना. आई म्हणाली, तण आहे. लॅबमधले डॉक्टर म्हणाले, असेल काहीतरी. शेवटी मी मोबाईलवर एक ग्रुप काढला, ओळखीच्या आठ-दहा जणांना त्यात घातलं आणि फुलाचा फोटो टाकला. त्या फुलाचं नाव कळायला तीन महिने लागले. तोवर ग्रुपमध्ये जिल्ह्यातली तीनशेच्या वर माणसं जमली होती. शिक्षक, नर्स, शेतकरी, एक एसटीचा कंडक्टर, दोन वकील. सगळ्यांचा छंद एकच, रानात दिसलेलं झाड ओळखायचं.

माणसं वाढली तसे मी नियम लिहिले. फक्त झाडांबद्दल बोलायचं, सुविचार टाकायचे नाहीत, खात्री नसेल तर खाण्याबद्दल किंवा औषधाबद्दल काही सांगायचं नाही. हा शेवटचा नियम मोडला तर काढून टाकणार, असंही लिहिलं होतं. त्या नियमांचा मला थोडा अभिमानच होता.

ग्रुपमध्ये दोन माणसांचा मोठा आधार होता. एक नगरचे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेले. आम्ही त्यांना सर म्हणायचो. फोटो टाकल्यावर पाच मिनिटांत त्यांचं उत्तर यायचं, शास्त्रीय नावासकट. उत्तर बरोबर असायचं आणि बोलणं करडं. चुकीचं नाव सांगणाऱ्याला ते सगळ्यांसमोर म्हणायचे, "अंदाजपंचे लिहू नये." दुसरे कर्जतच्या बाजूचे एक शेळ्या राखणारे गृहस्थ. माळावरचं गवतसुद्धा त्यांना नावानिशी माहीत. मोबाईलवर टाईप करायला त्यांना वेळ लागायचा, म्हणून ते आवाजी निरोप पाठवायचे. मागे वारा, शेळ्यांचं ओरडणं आणि मध्येच "हुर्र, हिकडं ये" असं काहीतरी. मी त्यांना दादा म्हणायची. खरं सांगायचं तर त्यांचे निरोप लांब असायचे आणि मी ते पूर्ण ऐकत नसे.

एका श्रावणात नगरजवळच्या खेड्यातल्या अंगणवाडीताईंनी एक फोटो टाकला. डोंगराच्या उतारावरून उपटून आणलेलं रोपटं, लांब हिरवी पानं, खाली कांद्यासारखा गड्डा. त्यांनी विचारलं होतं, "ही ती पावसाळी रानभाजी आहे का? करून बघावी म्हणते."

दहा मिनिटांनी दादांचा आवाजी निरोप आला, सव्वादोन मिनिटांचा. त्याखाली एका सभासदाने लिहिलं, "दादा म्हणतात, खातात." लगेच सरांचा मजकूर आला. हा रानकांदा आहे, विषारी आहे, आणि अडाणी माणसांनी लोकांच्या जिवाशी खेळू नये. मग ग्रुप पेटलाच. कुणी म्हणालं, असल्या माणसाला ठेवताच कसं? कुणी म्हणालं, काही झालं तर ॲडमिन जबाबदार.

मी लॅबमध्ये होते. समोर सात पेशंट बसले होते. मी मोबाईल उघडला, सरांचं वाचलं, नियम आठवला आणि दादांना ग्रुपमधून काढून टाकलं. वर लिहिलं, "नियम सगळ्यांना सारखा." चाळीसेक जणांनी अंगठ्याचं चिन्ह टाकून पाठिंबा दिला. मला वाटलं, मी खंबीरपणे वागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणवाडीताईंचा मला एकटीला निरोप आला. "ताई, दादांना का काढलं? त्यांनी तर खाऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी ते ऐकूनच रोपटं टाकून दिलं. सरांचं मी नंतर वाचलं."

मी आतल्या खोलीत गेले, मशीनचा आवाज येऊ नये म्हणून दार लावलं आणि दादांचा निरोप पहिल्यापासून ऐकला. दादा म्हणत होते, "खात्यात, अशाच पानाची भाजी खात्यात अकोले तालुक्याकडं. मी दोन वरसं तिकडं कामाला हुतो तवा खाल्ली हाय. पन ताई, ही ती न्हाई. हिचा गड्डा बघा, कांद्यावानी हाय. तिच्या बुडाला असा कांदा नसतो, बारीक मुळ्या असत्यात. ह्याला आमी रानकांदा म्हनतो. माझी शेळीसुदिक याला तोंड लावीत न्हाई. तुमी लई लांब ठिवा, आन् हात धुवा साबनानं." त्यापुढे गड्ड्याचा रस अंगाला लागला तर कशी खाज सुटते, हेही त्यांनी सांगितलं होतं.

सरांनी जे सांगितलं तेच दादांनी सांगितलं होतं, तेही सरांच्या आधी आणि जास्त मायेनं. त्या सभासदाने पहिला शब्द ऐकून लिहून टाकलं होतं. सरांनी ते वाचलं होतं. मी सरांचं वाचलं होतं. लॅबमधल्या बारा वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून मी एकही रिपोर्ट पुढे पाठवलेला नाही. काचपट्टी स्वतः बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. इथे मात्र एका माणसाला त्याचं बोलणं न ऐकता बाहेर काढलं होतं. मला बराच वेळ त्या खोलीतून बाहेर यावंसं वाटेना.

संध्याकाळी मी दादांना फोन केला. झालेलं सांगितलं, चूक माझी आहे म्हटलं, परत या म्हटलं.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, मला राग न्हाई. पन येक इचारू का?"

"विचारा ना."

"काढायच्या आधी फोन का न्हाई केला? माझा नंबर तर हुता तुमच्याकडं."

"सुचलंच नाही, दादा," मी म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या मग," ते म्हणाले. "तितं लिव्हनारी मानसं हायेत. आमी बोलनारी. कोन ऐकतंय एवढं."

त्यांनी फोन ठेवला नाही. पाऊसपाण्याची, आमच्याकडच्या पेरूच्या बागांची चौकशी केली. त्यामुळे मला आणखीच वाईट वाटलं.

मी ग्रुपवर सगळं लिहिलं. निरोपात खरं काय होतं, मी तो न ऐकता निर्णय घेतला, दादांची सर्वांसमोर माफी मागते. 'खातात' असं लिहिणाऱ्या सभासदाने लगेच स्वतःहून चूक कबूल केली. पण आता ग्रुप दुसऱ्या बाजूला कलला. अडाणी म्हणणाऱ्या सरांना काढा, नियम सगळ्यांना सारखा ना? माझंच वाक्य माझ्यापुढे आलं. सरांनी दोन दिवस एकाही फोटोला उत्तर दिलं नाही.

या वेळी मी घाई करायची नाही असं ठरवलं. ग्रुपवर लिहिलं, "सरांशी बोलल्याशिवाय मी काही करणार नाही. रविवारपर्यंत वेळ द्या." सरांना फोन लावला, तर ते उचलेनात. मग रविवारी सकाळी एसटीने नगरला गेले.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं. मी नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "या. पण त्यांच्यासमोर बसून बोला, आणि सावकाश." सर खिडकीपाशी बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मी दोन वाक्यं बोलले आणि त्यांनी टेबलावरची वही आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"लिहा," ते म्हणाले. त्यांचा आवाज खोलीच्या मानाने फार मोठा होता. "दोन वर्षं झाली. कानाला यंत्र लावतो, पण माणसाचा आवाज नीट कळत नाही. मोबाईलमधला तर नुसता खरखराट."

मी लिहिलं, "मग तुम्ही दादांचे निरोप कधीच ऐकले नाहीत?"

"एकही नाही. खाली कुणी काही लिहिलं तर वाचायचं. नाहीतर सोडून द्यायचं. मला वाटायचं, हा माणूस लिहायचा कंटाळा करतो. वर्गात मागच्या बाकावरची कुजबुज ऐकू यायची मला. आता हे ग्रुपवर कसं सांगायचं? त्या ग्रुपवर मी अजून पूर्वीचा होतो."

दादांचा निरोप मी घरून लिहून नेला होता, शब्द न् शब्द. तो कागद पुढे ठेवला. सरांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. "तिच्या बुडाला असा कांदा नसतो, बारीक मुळ्या असत्यात," त्यांनी मोठ्याने वाचलं. "बरोबर आहे. नेमका हाच फरक. मी पोरांना असंच शिकवायचो." मग म्हणाले, "मी त्यांना अडाणी म्हणालो."

सरांच्या पत्नीने चहा आणला. चहा झाल्यावर सरांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि आवाजी निरोप कसा पाठवतात ते दाखवा म्हणाले. मी दादांचा नंबर काढून दिला आणि बटण दाखवलं. त्यांनी मोबाईल तोंडापाशी धरला आणि भर वर्गात बोलावं तसं बोलायला लागले. "मी नगरहून बोलतो. माझ्याकडून आपला अपमान झाला. मला कानाने ऐकू येत नाही, हे मी लपवलं होतं. पण न ऐकता बोललो, हा दोष कानाचा नाही, माझा आहे. आपण रानकांद्याची जी खूण सांगितलीत ती अचूक आहे. मला माफ करा, आणि परत या."

निरोप गेला. आपलं बोलणं नीट गेलं की नाही हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली.

मी परतीच्या एसटीत बसले होते तेव्हा सरांनी मला दादांचं उत्तर पुढे पाठवलं. दादांनी ते लिहून पाठवलं होतं. एवढं टाईप करायला त्यांना किती वेळ लागला असेल कोण जाणे. "सर आयकलं. दोनदा आयकलं. राग नाय. शेळ्या घरी नेतो मग बोलू म्हनजे लिव्हतो." मी खिडकीकडे तोंड केलं, शेजारच्या बाईंना दिसू नये म्हणून.

दादा परत आले. सरांनी ग्रुपवर आपल्या कानांबद्दल स्वतः लिहिलं. सरांना काढा म्हणणाऱ्यांपैकी एकानेही पुढे तो विषय काढला नाही. एका नर्सबाईंनी तर विचारलं, "सर, आम्ही निरोप लिहून काढले तर चालेल का?" त्यातून नवा नियम झाला. आवाजी निरोप जो पहिल्यांदा पूर्ण ऐकेल त्याने तो खाली लिहायचा. सर्वांत जास्त निरोप लिहिले ते 'खातात' लिहिणाऱ्या त्याच सभासदाने. पुढे त्याच्यावरूनही वाद झाला. तो दादांची भाषा सुधारून लिहायचा, 'हाय'चं 'आहे' करायचा. दादा म्हणाले, "ह्ये मी बोललोच न्हाई." सरांनी त्यांची बाजू घेतली. बोलले तसंच लिहा, झाडांची खरी नावं त्यातच आहेत, असं ते म्हणाले. त्यामुळे आमच्याकडे कितीतरी गवतांची अशी नावं जमली, जी मी कुठेच वाचली नव्हती.

मी काढून टाकण्याचा अधिकार एकटीकडे ठेवला नाही. दादा आणि अंगणवाडीताई यांनाही ॲडमिन केलं. सर नको म्हणाले. मला परीक्षक राहू द्या, पण मुख्याध्यापक करू नका, म्हणाले. कुणाला काढायचं तर आधी त्या माणसाला फोन करायचा आणि मग तिघांपैकी दोघांचं मत घ्यायचं, असं ठरलं.

गेल्या हिवाळ्यात मी त्यात हरले. एक गृहस्थ रोज सकाळी सुप्रभाताची चित्रं टाकायचे. तीनदा सांगितलं, तरी थांबेनात. मी काढा म्हटलं. अंगणवाडीताई म्हणाल्या, थांबू या. दादांनी त्या गृहस्थांना फोन केला आणि नंतर आम्हाला सांगितलं, "एकटं हाय मानूस. बायको गेली, पोरगा परदेशात. सकाळी कुनाला तरी कायतरी धाडायची सवय लागलीया. मी म्हनलं, तुमच्या दारातलं कायतरी धाडा की."

मला ते पटलं नव्हतं. पण दोघं एका बाजूला होते, म्हणून मी त्यांना राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गृहस्थांचा फोटो आला. फरशीच्या फटीतून उगवलेलं काहीतरी, इतकं अस्पष्ट की पान कुठलं आणि सावली कुठली ते कळेना. कुणी हसलं नाही. सरांनी लिहिलं, "उजेडात, जवळून पुन्हा काढा. पानाची मागची बाजूही दाखवा." दहा मिनिटांनी दुसरा फोटो आला, मग तिसरा. तिसऱ्यात त्यांचा अंगठा पान उलटं धरून होता. त्यावर आमच्या ग्रुपमध्ये दुपारपर्यंत चर्चा चालली होती.