बनियन खाणारी माती

बेलपाड्यात कुणाचं लग्न असलं की रंभाकाकू हटकून शेवटच्या पंगतीला बसायची. उगाच नाही! मांडव उतरेपर्यंत तिला थांबायचं असायचं. मांडवाचे केळीचे खांब, झेंडूच्या माळा, आंब्याचे टहाळे, सगळं गोणीत. "काकू, नवरी तेवढी ठेवा हां," पोरी चिडवायच्या. काकू खुशाल गोणीचं तोंड बांधायची.

हे सारं जायचं घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात. शेजारचा टॉवर झाला तेव्हाचा राडारोडा तिथे पडला होता, साधं गवत उगवत नव्हतं. पहिल्या वर्षी काकूनं केळीचे खांब कच्चेच चिरून गाडले, तर वर पेरलेली मेथी पिवळीधमक! "कच्चं कुजवताना जिवाणूच मातीतलं सत्त्व ओढून घेतात, रोपाला काय उरणार?" सून किशोरी म्हणाली. ती कामोठ्यात विज्ञानाची शिकवणी घेते. तेव्हापासून काकू सगळा पाला शेण-गुळाच्या पाण्यात आधी चांगला कुजवते, मगच मातीला घालते.

पण मुलगा प्रणित नवी गाडी घेऊन बसला होता. तिथे ब्लॉक बसवायला पेव्हर ब्लॉकवाल्याला सांगूनही झालं होतं. "आई, मेलेली माती ती. गाडी तरी उभी राहील."

"मेली नाय, जिती हाय!" काकू कडाडली.

शेवटी किशोरीनंच तोड काढली. निव्वळ सुती कापड दोन महिने मातीत पुरायचं. जिवाणू असतील तर खाऊन टाकतील. धड निघालं तर ब्लॉक बसवायचे. प्रणितनं शब्द दिला.

आता आली का पंचाईत! घरभर टेरिकॉट न् पॉलिस्टर. निव्वळ सुती एकच सापडलं, काकूच्या नवऱ्याचा, कमळाकरकाकांचा बनियन. काकांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी पेटीत घडी घालून ठेवलेला. काकूनं तो दोनदा काढला, दोनदा परत ठेवला. तिसऱ्यांदा मात्र तडक नेऊन पुरला.

दोन महिने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. बनियन धड निघाला तर जमीन जाणार, जमीन राहिली तर बनियन गेला.

ठरल्या दिवशी प्रणितनंच कुदळ मारली. माती काळीभोर, भुसभुशीत, गांडुळांनी वळवळणारी. गळ्याची नायलॉनची शिवण तेवढी हाती आली. त्यानं तिथूनच ब्लॉकवाल्याला फोन लावला, नको म्हणून सांगितलं.

काकू शिवण हातात घेऊन बसली. डोळे भरून आले, हसूही आवरेना.

"जिते असताना ह्यांनी कदी कुदळ धरली नाय," ती पदरानं डोळे पुसत म्हणाली. "आता राबा म्हणावं!"