सहाव्या नदीचा फॉर्मा

"मावशी, सध्या काय वाचताय?"

चप्पल काढायच्या आधी तिचा हा प्रश्न असायचा. मी चौथी शिकलेली बाई. किलवणी नाक्याजवळच्या चाळीत कारखान्याच्या माणसांना डबे करून देते. मी काय वाचणार? "कोथिंबीर बांधून आलेला कागद," मी म्हणायचे. ती गंभीरपणे विचारायची, "मग? काय लिहिलंय त्यात?"

हा प्रश्न ती सगळ्यांना विचारायची. दूधवाल्याला, घरमालकाला, मोबाईलमध्ये मान घातलेल्या पोरींना. कुणी हसायचं, कुणी "टाइम कुठे आहे, बेन" म्हणायचं. तिला राग यायचा नाही. उद्या पुन्हा विचारायची.

ती सुताच्या कारखान्यात पॅकिंगला होती. नवापूरकडची, चाळिशीची, एकटी. दिसायला यथातथाच आणि स्वयंपाकात शून्य, म्हणून तर माझ्याकडे डबा होता. तिच्या खोलीत एक गादी, एक बादली आणि सात पुस्तकं. नाशिकला रद्दीच्या दुकानात मिळालेली. एका राणीची सावली चोरीला जाते आणि ती परत आणायला राणी सात नद्या ओलांडते, एका भागात एक नदी. राक्षस, बोलणारे मासे, सगळं होतं. दरवर्षी ती पहिल्या नदीपासून पुन्हा सुरू करायची. "माहीत आहे ना काय होतं ते? मग परत कशाला?" मी विचारलं. म्हणाली, "माहेरचा रस्ताही माहीत असतो मावशी. म्हणून जायचं सोडतो का?"

एकदा ती ब्लेडने पुस्तक उसवताना दिसली. मी ओरडलेच. "पुस्तकावर जीव म्हणतेस आणि फाडतेस?"

"फाडत नाही, वाटे करते. अख्खं पुस्तक एकीने नेलं की महिनाभर अडकतं. तुम्ही एकेकीला भाताचं पातेलं देता का?"

सोळा-सोळा पानांचे फॉर्मे तिने सुटे केले, खोक्याच्या पुठ्ठ्याची पाठ लावून कारखान्यातल्या वाया गेलेल्या सुताने शिवले आणि वर आकडे घातले. पॅकिंगच्या बायका तीन शिफ्टमध्ये. एकीची सुट्टी होते तेव्हा दुसरीची भरते, गाठ पडत नाही. पण डबा सगळ्यांचा माझ्याकडे. मग फॉर्मे डब्याच्या पिशवीतून जायला लागले. वाचलेला परत यायचा, पुढचा जायचा. कुणाला कुठला द्यायचा ते मी बघायचे. एकदा एकीला चौथ्याच्या आधी पाचवा गेला. ती दारात येऊन भांडली, "मावशी, सेनापती काल मेला, आज घोड्यावर बसलाय! ये क्या है?" पुन्हा घोटाळा नको म्हणून मी फॉर्मे उघडून बघायला लागले. बघता बघता वाचायला लागले. डाळ दोनदा करपली. त्याबद्दल कुणी बोललं नाही, सगळ्या त्याच नदीत होत्या.

मग सहाव्या नदीचा फॉर्मा गेला, सहाव्या भागात राणी नदी ओलांडते तो.

जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःच तो वाचत बसली होती. सुपरवायझर आला म्हणून तिने तो शेजारच्या उघड्या खोक्यात, सूत गुंडाळलेल्या कोनांवर, सरकवला. सुपरवायझर हलेपर्यंत पलीकडच्या बाईने खोक्याला टेप मारली आणि ते थप्पीत गेलं. संध्याकाळच्या ट्रकने खोकं इचलकरंजीला गेलं. कुठल्या खोक्यात, कोण शोधणार?

त्या दिवशी ती आली आणि कुणालाच काही विचारलं नाही. ओट्याजवळ उभी राहून म्हणाली, "माझ्याच हातून गेलं. आधीच्या फॉर्म्यात राणी या काठाला रडतेय, पुढच्यात एकदम त्या काठाला. सहा जणी त्यासाठी थांबल्यात. आता कशाला वाचतील?" एकीने तर सांगूनही टाकलं होतं, जाऊ दे, मी मोबाईलवर सिरियल बघते.

"आधी जेव, मग रड. आणि दुसरी प्रत आण."

"छापणं बंद आहे. जादा प्रत मिळते का म्हणून मागेच दोनदा नाशिकला विचारून झालं, तेव्हाही नव्हती."

"किती वेळा वाचलंस तू?"

"पाच. पण पाठ नाही ना."

"पाच वेळा वाचून पाठ नसेल तर उपयोग काय तुझा? सांग. मी लिहिते."

माझं अक्षर चांगलं आहे. गुरुजींनी पाटी वर्गात फिरवली होती, हे मी लाजून सांगणार नाही. तीन सुट्ट्यांच्या दुपारी ती खोलीभर फिरत सांगत होती आणि मी दोनशे पानी वहीत लिहीत होते. मध्येच थांबायची, डोळे मिटायची, "नाही, असं नाही, खोडा" म्हणायची. मी खोडत नव्हते, पुढे सांग म्हणून दटावत होते. शेवटी ती पानं शिवली, पुठ्ठा लावला आणि डब्यातून पाठवली. सहाही जणींनी वाचली. सिरियलवाली सगळ्यात आधी पुढचा फॉर्मा मागायला आली. तेव्हा ती माझ्या ओट्याला टेकून जी हसली, तसं हसू तिला पगारालाही यायचं नाही.

पुढे कारखान्यात पॅकिंगला मशीन आलं. बायका कमी केल्या, त्यात ती गेली. जाताना सातही भाग माझ्या फळीवर ठेवले. "तुला नकोत?" म्हटलं. "माझे वाचून झालेत," म्हणाली आणि खानवेलकडून येणाऱ्या भावाच्या टेम्पोत बसून गावी निघून गेली. फोन येतो कधीमधी.

गेल्या महिन्यात डबा लावलेल्या एका शिक्षिकाबाईंकडे सहावा भाग निघाला. त्या रत्नागिरीकडच्या. अख्खं पुस्तक, कोरं. मी चष्मा लावून ती सोळा पानं वाचली. नदी ओलांडायला छापील पुस्तकात एकच ओळ आहे: नावाड्याने राणीला पार नेले. बस. पुढे नुसती लढाई.

आमच्या वहीत नाव एक म्हातारी चालवते. आठ पानं चालवते. राणी रडते तेव्हा ती म्हणते, "आधी जेव, मग रड. नावेत पाणी आधीच पुष्कळ आहे." मुकुट काढून ठेवायला सांगते, डोक्याला ऊन लागतं म्हणून. राणीने मोहर पुढे केली तर म्हणते, "ताट घासून ठेव, तेवढं पुरे." आणि पलीकडच्या काठाला राणीला उतरवल्यावर मागे वळून बघत नाही.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं होतं. ती म्हातारी कोण, ते लिहिताना ध्यानात आलं नाही.

शिक्षिकाबाईंनी दोन्ही ताडून पाहिली. म्हणाल्या, "मावशी, तुमच्या वहीत चुकीचं आहे हो. मी या पानांची झेरॉक्स आणून देते."

"नको," मी म्हटलं. "पुस्तक लिहिणाऱ्याला ती म्हातारी भेटली नव्हती."

त्यांचं पुस्तक त्यांना परत दिलं आणि नव्या पोरीच्या डब्यात वही घातली.