कंदवाली

मोखाड्याच्या बाजारात कंदाच्या पावडरीच्या पाकिटावर ‘ट्युबरोसम’ वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. आमच्या कोळूच्या, पावसाळी रानभाजीच्या, लॅटिन नावातला हा शब्द.

मी शाळेत जायची तेव्हाची गोष्ट. आमच्या वांगणीच्या उतारावर आई देवाला पहिली भाजी दाखवायला कोळूचा पाला खुडत होती. रानातल्या वनस्पती बघायला आलेले शहरातले एक सर त्यांच्या विद्यार्थ्यांना म्हणाले, “ट्युबरोसम म्हणजे कंदवाली.” लगेच कुदळी पडल्या. पांढरे कंद सोललेल्या बोटांसारखे उघडे पडले.

“पाला खुडा ना! मुळी कशाला उपटता?” आई ओरडली.

सर हसले. “मावशी, नावातच कंद आहे.”

“नाव तुमी ठेवलं. पुढच्या सालाला आमी काय खायाचं?”

तेव्हा आईच्या रागाची भीती वाटली होती. आज तोच राग मला आलाय. त्या उतारावर आता कोळू उगवत नाही. तिचं नाव तेवढं उगवलंय, पाकिटावर, सोनेरी अक्षरांत.