मुरामात्सुसानचं नाक

एकतीस वर्षं मुरामात्सुसान आमच्या हांदा गावातल्या कारखान्यात बुरशीच्या खोलीचे प्रमुख होते, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांनी नात्तोचा एक दाणा तोंडात घातला नव्हता. त्यांच्या बायकोनेही नाही. आंबवून तार सुटलेलं ते सोयाबीन म्हणजे आमच्या खोलीचा वैरी. खाणाऱ्याच्या हातावर, केसांत, श्वासात त्याचे जंतू बसून येतात आणि कोंड्याचा चिखल करून टाकतात. म्हणून आमच्याकडे कामाला लागायची पहिली अट तीच.

गिरण्यांतून निघालेला गव्हाचा कोंडा आम्ही वाफवायचो, निवला की त्यावर बुरशीचं बी भुरभुरवायचो आणि लाकडी ट्रेमध्ये पसरून दमट, उबदार खोलीत ठेवायचो. कोंडा आतून तापतो, म्हणून तो सारखा हाताने उलथायचा. दोन दिवसांनी तो पाण्यात भिजवून एन्झाइम काढायचं. अजीर्ण झालं की लोक जी गोळी घेतात, तिच्यात ते जातं.

मुरामात्सुसानना घड्याळ लागत नसे. दारात उभं राहून नाक वर करायचे आणि म्हणायचे, "भाजलेल्या चेस्टनटचा वास सुटला. चला, उलथायला घ्या." आमचीही सुटका नव्हती. एकदा मला म्हणाले, "फुसाए, काल बांगड्यावर ताव मारलास वाटतं? आम्हाला बोलावणं नाही ते!" निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. शेवटच्या दिवशी शेवटचा ट्रे आपल्या हाताने उलथायचा, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती ते सगळ्यांना सांगत फिरायचे.

त्या फेब्रुवारीत माझी आई माझ्याकडे होती. ती मूळची मितो गावची, नात्तोवर वाढलेली. बाबा गेल्यापासून तिने अन्न टाकलं होतं. एका सकाळी म्हणाली, "नात्तो आण. पण तूही माझ्याबरोबर खायचा. एकटीने घास उतरत नाही गं." मी आणला, वर कांद्याची पात चिरून घातली. आई वाटीभर भात जेवली. मीही खाल्ला. मग गरम पाण्याने अंघोळ केली, तीनदा चूळ भरली, कपडे बदलले आणि कामावर गेले. एवढं केलंय, मग काय होणार, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर वाटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तीनशे ट्रे बुळबुळीत झाले होते. कोंड्याला तार सुटत होती आणि खोलीत डोळे चुरचुरतील असा वास होता.

व्यवस्थापकाने सगळ्यांना ओळीने उभं केलं. "नात्तो कुणी खाल्ला?" एकेक जण नाही म्हणत गेला. माझी पाळी आली. मीही नाही म्हणाले, मान वर करून. तेवढ्यात मुरामात्सुसान पुढे आले. "पोरांना कशाला विचारता? खोली माझ्या ताब्यात होती. चूक माझी आहे." आणि कमरेत वाकून तसेच उभे राहिले. त्यांचं टक्कल मला आजही दिसतं. मला तोंड होतं, पण मी ते उघडलं नाही.

त्यांना पोत्यांच्या गोदामात पाठवलं आणि खोली माझ्याकडे आली. शेवटचा ट्रे त्यांना मिळालाच नाही. निवृत्तीच्या दिवशी ते गोदाम झाडून घरी गेले. माझं मन मला वर्षभर कुरतडत होतं, आणि तरी मी रोज त्यांच्या जागी उभी राहून नाक वर करत होते. लाज कशी नाही वाटली, कोण जाणे.

पुढच्या रविवारी मी सगळं कबूल करायचं ठरवून त्यांच्या घरी गेले. ते नात्तो घोटत बसले होते.

"ये. एकतीस वर्षं वाटायचं, काय अमृत असेल! कसलं काय, मोज्यांचा वास येतो." ते हसले. मग वाटीकडे बघत म्हणाले, "तू पात घालून खातेस, नाही का?"

पातीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"त्या दिवशी दारातच वास आला होता मला, पातीसकट. तिथूनच तुला परत पाठवायला हवं होतं. पण दोघं तापाने घरी होते, उलथायला हात नव्हते. म्हटलं, एक दिवस काय होतंय! म्हणजे चूक माझीच होती. मी खोटं नाही बोललो."

"मग माझं नाव का नाही सांगितलंत?"

"ते तू सांगशील असं वाटलं. त्या दिवशी वाट बघितली. मग गोदामातही बघितली. तिथून खोलीचं दार दिसतं."

मी चटईवर डोकं टेकून माफी मागितली. वर्षभर उशिरा मागितलेली माफी. मग बायकोने माझ्यापुढे ठेवलेली नात्तोची वाटी त्यांनी हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"तू नको खाऊस," म्हणाले. "उद्या तुला खोलीत जायचंय."